खुरी मानेत काहून तुटली?

१

अंकुर गेला त्याला चार दिवस झाले होते, आणि माझ्या भावानं चार दिवसांत अन्नाला हात लावला नव्हता. काळा चहा तेवढा प्यायचा, तोही मी समोर उभी राहून डोळे वटारले तर.

माझं नाव विजयमाला. जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. दुसरे लोखंड बनवायचे, मी ते मोडून बघायची. निवृत्त झाले तशी गावी भावाकडं येऊन राहिले. सेवकरामदादा माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही कोष्टी, घरात सगळ्यांचे हात मागावर. हा एकटाच लोखंडात शिरला. भट्टी टाकली, मागाचे सुटे भाग घडवले, विळे-कुऱ्हाडी केल्या, आणि तीन वर्षांपूर्वी खुरी केली.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर आमच्या गावाला आगीची गाडी मिळाली. गाडी मिळाली, पण दार फोडायला दिली सब्बल, म्हणजे पहार. एका आगीत दादानं गाडीवरच्या पोरांना सब्बलीनं दाराशी झोंबताना पाहिलं आणि घरी येऊन चिडचिड केली, "सब्बल जमिनीसाठी असते बापा! दारात घुसत नाही, घुसली तं फिरत नाही." मग गावातली दारं मोजत फिरला. चौकट किती जाड, फट किती, दार आत उघडतं की बाहेर. लोकांना वाटलं म्हातारा चळला. त्यातून निघाली ती तीन फुटांची कांब: एका टोकाला गाईच्या खुरासारखं फाकलेलं पातळ टोक, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि एक अणी. फाकलेलं टोक फटीत घालायचं आणि ओढायचं. त्या टोकामागं कांब थोडी निमुळती होते, ती मान. ओल्या हातमोज्यांतून निसटू नये म्हणून मुठीला आडव्या रेघा. पोरांनीच तिला खुरी नाव दिलं.

मंगळवारी भर दुपारी कोशाच्या रेशमी सुताच्या गोदामाला आग लागली. चौकीदार भैयालाल आत अडकला. आगीच्या गाडीवरचा अंकुर पुढच्या दारानं शिरला, त्यानं भैयालालला खांद्यावर उभं करून वरच्या झरोक्यातून बाहेर ढकललं. अंकुरला खालून ढकलायला मात्र कोणी नव्हतं. तेवढ्यात पुढचं छत बसलं. राहिलं मागचं दार, वर्षानुवर्षं बंद, पत्रा ठोकलेलं. त्याचा जोडीदार कुंदन खुरी घेऊन मागं धावला. फटीत घातली, ओढली, आणि खुरी मानेत तुटली. मग सब्बलीनं दार काढायला आठ मिनिटं लागली. अंकुर दाराला टेकून पडलेला सापडला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली त्याची पोरगी तीन महिन्यांची होती.

गावाचं काय विचारता! आग विझायच्या आत निकाल लागला होता. सेवकरामच्या खुरीनं पोरगा मारला, म्हणे. सोमवारी नागपूरहून चौकशीला इंजिनिअर येणार होता आणि त्याच्या एका शब्दावर दादावर गुन्हा दाखल होणार होता. सत्तरीला आलेला माणूस! मी शनिवारी तडक आगीच्या गाडीच्या साहेबांकडं गेले. ते म्हणाले, "बाई, तुमाले यातलं समजते. तुकडे घेऊन जा, पाहा, सोमवारी तुमचं म्हननं लिहून द्या. भाऊ हाय म्हनून काही लपवाल तं मले समजन."

"लपवायची सवय नाही मले," मी म्हटलं, आणि तुकड्यांचं पोतं उचललं.

घरी येऊन पोतं उघडलं. दोन्ही तुकडे काजळीनं काळेठिक्कर. फक्त मानेवर, तुटलेल्या जागेला लागून, दोन बोटं रुंदीचा एक पट्टा नव्या ताटासारखा चकचकत होता.

काजळी आगीची. मग ती चकाकी आगीनंतरची, हे सांगायला फॅक्टरी कशाला हवी?

२

"दादा, इकडं पाय जरा."

तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. "काय पाहू? पानी चुकलं असन माहं. लाल कांब तेलात बुडवताना घाई झाली असन, जास्त कडक झाली, तुटली. लिहून दे तू."

"असन-बिसन मी लिहीत नसतो. कानस कुठं हाय?"

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. तापवलेलं पोलाद बुडवून थंड केलं की ते कडक होतं, त्याला लोहार पाणी देणं म्हणतात. फार कडक झालं तर काचेसारखं तुटतं, म्हणून पुन्हा मंद शेकून कडकपणा उतरवावा लागतो. दादाचं एकच म्हणणं असायचं, खुरी वाकली तर चालेल, तुटली नाही पाहिजे. वाकणारं हत्यार माणसाला आधी सांगतं, तुटणारं सांगत नाही. पाणी नीट बसलं की नाही हे कानशीनं कळतं. लोखंड जास्त कडक असेल तर कानस नुसती घसरते, नाहीतर धरते आणि खरवडते.

मी तुटलेल्या खुरीवर कानस मारली. मुठीवर धरली, पात्यावर धरली, फाकलेल्या टोकावर धरली. मग दादाकडं सरावासाठी ठेवलेली दुसरी खुरी काढली. दोन्ही एकाच ट्रकच्या एक्सलमधून एकाच दिवशी घडवलेल्या. तिच्यावरही मारली. दोन्हीकडं सारखी धरली.

"पानी बरोबर हाय तुझं," मी म्हटलं.

तो उठून बसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

मग भिंग घेतलं. तुटलेलं तोंड आतून जवळजवळ सगळं ताजं, करडं, बारीक दाण्याचं. जुनी तड असती तर तिथं काळं किंवा तांबूस दिसलं असतं. म्हणजे पोलादही चांगलं. तुटलेल्या तोंडावर बारीक रेषा असतात, त्या सगळ्या एका जागेकडं जातात. तड तिथून सुरू होते. मी रेषांच्या मागं मागं गेले. त्या जाऊन थांबल्या चकचकीत पट्ट्याच्या अगदी खाली, नखाएवढ्या एका अर्धगोल डागाशी. त्या डागावर कानशीचं टोक ठेवलं.

कानस घसरली.

तो डाग कशाचा, ते मला त्याच क्षणी कळलं. तुम्हाला थोडं थांबावं लागेल, कारण मलाही तो कोणी केला आणि कशासाठी केला हे कळायचं होतं. आणि नंतर वरून घासलं कोणी?

"दादा, तुकडे तुझ्याकडं आले होते का?"

"आगीच्याच संध्याकाळी कुंदननं दाखवाले आनले होते. मी हात बी नाही लावला. लावू कसा?"

घासल्याचे ओरखडे मी उजेडात धरले. कानशीचे ओरखडे सरळ असतात, हे गोल होते, ग्राइंडरचे. दादाच्या भट्टीत आयुष्यभर कानस चालली. अख्ख्या आळीत ग्राइंडर एकाकडंच होता, गोपीचंदकडं. ज्या एक्सलच्या या दोन खुऱ्या झाल्या, तो एक्सलही त्यानंच विकला होता.

३

गोपीचंदचं दुकान म्हणजे अर्धं भंगार, अर्धं वेल्डिंग. मला पाहिल्यावर तो स्टुलावरून असा उठला की स्टूल पडलं.

"बाई, एक्सल चांगला होता. माह्या लेकराची आन. दोन्ही त्याच्यातूनच..."

"मी एक्सलचं विचारलं का?"

"नाही."

"मंग कायले घाम पुसून राहिला? तुझं पोलाद चोख हाय. तुझा ग्राइंडर कुठं हाय?"

त्यानं कोपऱ्याकडं पाहिलं. ग्राइंडर तिथंच होता, चाकावर नवीन काळी पूड.

"बुधवारी पहाटी कुंदन आला होता," तो हळू बोलला. "म्हने, पाच मिनिटं दे. मी दिला. काय घासलं मी नाही पाहिलं."

"आनि त्याच्या आधी? कवातरी ती खुरी तुह्या दुकानात आली होती. वेल्डिंगच्या कांडीखाली. खोटं बोलू नको, डाग हाय तिच्यावर."

गोपीचंद खाली बसला. मोठा माणूस, दोन पोरींचा बाप, आणि हुंदका आवरेना. मला राग आला होता, तो तिथंच निम्मा विझला.

"मले काय माहीत बाई! मी रोज करतो ते काम. गेटवर करतो, ट्रॉलीवर करतो. कधी काही झालं नाही. पैसे बी नाही घेतले मी त्याच्याकडून. तुम्ही कुंदनलेच विचारा. माह्या तोंडून नाही निघत."

४

कुंदन गाडीच्या शेडमागं पाण्याचे पाइप धूत बसला होता. धुतलेलेच पुन्हा धूत होता. पंचविशी-सव्विशीचं पोरगं, डोळे सुजलेले.

"मावशी, मीच तोडली," मी विचारायच्या आतच तो म्हणाला. "दार हलेना तं मी खुरीले सहा फुटाचा लोखंडी पाइप लावला. ताकदीच्या बाहेर ओढली. सेवकरामकाकाचा दोष नाही. सोमवारी मी सांगनार हाय."

"पाइप लावला?"

"हाव."

"चल मंग, लावू."

मी दुसरी खुरी बरोबरच आणली होती. शेडच्या दगडी खांबाच्या फटीत तिचं टोक घातलं, मुठीवर तोच पाइप चढवला. "लटक," मी म्हटलं. तो लटकला. मीही लटकले, साठीच्या बाईला शोभत नाही तरी. खुरी कण्हली, मानेत हळूहळू वाकली, पार कोपरासारखी वाकली, आणि तुटली नाही.

कुंदन पाइप सोडून तिच्याकडं बघत राहिला.

"पाइपानं ती तुटत नाही," मी म्हटलं. "सेवकरामनं तिले वाकाले बनवलं. आता खरं सांग. कोनाले वाचवून राहिला तू?"

मग तो जे बोलला ते मला अजून झोपताना ऐकू येतं.

"मावशी, खुरी तुटली तवा तो आतून ठोकत होता. मी ओरडलो, आलो रे, आलो! सब्बल आनाले धावलो, परत आलो, तरी ठोकत होता. चार-पाच मिनिटं ठोकत होता. मंग हळू झालं. मंग थांबलं. हे मी कोनाले नाही सांगितलं. करुणावहिनीले तं नाहीच नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

"आनि मानेवर काय होतं?"

"नाव होतं," तो म्हणाला. "पोरीचं. रिंकू."

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आपल्याकडं कसं असतं, बारशाला भांडी येतात, वाटी असो की गुंडी, प्रत्येकावर नाव टाकलेलं. अंकुर ती भांडी पाहून हरखून गेला. कुंदनला म्हणाला, सगळ्यायनं आपापल्या भांड्यावर माह्या पोरीचं नाव टाकलं, बापाचं भांडं एकच हाय. भांड्यांच्या दुकानात खुरी घेऊन गेला, तर नाव टाकायचं मशीन तिच्यावर नुसतंच घसरलं. मग गोपीचंदकडं. गेटवर लिहितात तसं वेल्डिंगच्या कांडीनं लिहून घेतलं, वरून काळा रंग मारला. मुठीत झिजून जाईल म्हणून मानेवर.

"बारशापासून ड्युटीवर निघताना बोट फिरवायचा त्याच्यावरून," कुंदन म्हणाला. "तुटली तवा मी पाहिलं ना मावशी. बरोबर नावातून तुटली. लोकायले समजलं तं काय म्हनतील? पोरीनं बापाले खाल्लं. जन्मभर म्हनतील. म्हनून घासलं मी."

"आनि माह्या भावाले मरू देत होता?"

"म्हनून तं पाइपाचं सांगत होतो."

आता त्या डागाचं सांगते. साधं लोखंड असतं तर नावानं काही बिघडलं नसतं. गेट, ट्रॉली, नांगर, सगळ्यांवर चालतं. पण पाणी दिलेल्या पोलादावर कांडी टेकली की तेवढी जागा क्षणात लाल होते आणि भोवतालची थंड कांब तिला क्षणात विझवते. नको तिथं, नको तेवढं पाणी बसतं. अक्षराखाली नखाएवढी काच तयार होते, तिच्यात केसाएवढी तड पडते. तीही ओढ जिथं सगळ्यांत जास्त, त्या मानेवर. एक जोर लागला आणि वाकायच्या आत सगळी कांब गेली. पोलाद चांगलं होतं, पाणी चांगलं होतं, ओढणारा चांगला होता. वाईट कोणीच नव्हतं या प्रकरणात, हेच मला सहन होईना.

५

दादानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखा श्वास टाकेल.

"लिहू नको," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"पानी चुकलं म्हनून लिही. मी सही करतो."

"येडा झाला का? जेल होईन!"

"होऊ दे. किती दिवस राहिले माहे?" तो माझ्यावर कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडला. "वेल्डिंग लिहिशीन तं ते विचारतील, कोनं केलं? गोपीचंदले उभं करतील. तो रडत रडत नाव सांगन. मंग त्या लेकराले गाव सोडन का? तिच्या लग्नाच्या वेळी बी काढतील हे."

"आनि तुह्यं नाव? तुही खुरी? उद्या दुसऱ्या गावात दुसरा कोनी आपल्या पोराचं नाव लिहीन त्याच्यावर, तवा?"

तो पुन्हा खाटेवर टेकला. मग हळूच म्हणाला, "दारं मोजली, हातमोजे मोजले, सगळं मोजलं. पन पोरायले एवढं नाही सांगितलं, का हिच्यावर काही लिहू नका. मले वाटलं, असं कोन करते? विजू, चूक माहीच हाय."

मी रागानं आत निघून गेले. तो चुकीचं बोलला असता तर भांडले असते.

पण एक गोष्ट डोक्यात बसली. आम्ही तिघंचौघं त्या पोरीचं काय ते ठरवत होतो, गोपीचंद त्याच्या परीनं, कुंदन त्याच्या, दादा त्याच्या आणि मी माझ्या. पोरीच्या आईला कोणीच विचारलं नव्हतं.

६

रविवारी सकाळी अंकुरच्या बायकोकडं, करुणाकडं गेले. घरात माग बंद होता, अर्धं लुगडं तसंच चढवलेलं. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिची सासू मला बघून उठून आत गेली. सेवकरामची बहीण ना मी.

कुठून सुरुवात करावी कळेना. तोंडाळ बाई म्हणून गावात माझी ख्याती, आणि शब्द सापडेना. म्हटलं, "करुणा, त्या खुरीवर..."

"नाव होतं," ती म्हणाली. "माहीत हाय मले. मले दाखवाले आनली होती ना. पोरीचं बोट धरून फिरवलं होतं त्याच्यावरून."

"त्याच्यामुळं तुटली, हे बी..."

"कुंदनभाऊजी बुधवारी आले तवा त्यायच्या बाहीवर लोखंडाची पूड होती. डोळ्याले डोळा देईना. तवाच समजलं." तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. "मी बोललो नाही मावशी. चार दिवस ऐकत राहिलो, लोकं सेवकरामकाकाले शिव्या देऊन राहिले, आनि मी तोंडाले पदर लावून बसलो. पोरीसाठी. काका जेवत नाही म्हनतात, खरं हाय का?"

"खरं हाय."

"लिहा तुम्ही," ती म्हणाली. "नाव बी लिहा. तिच्या बापानं नऊ वर्षं वाट पाह्यली, आनि आली तवा तिचं नाव आगीत बी सोबत नेत होता. याची लाज कायले वाटावी? लोकं म्हनतील ते माह्या तोंडावर म्हनू द्या. मी हाय ना."

"पुन्हा विचार कर बाई. म्हनाले लोकायले काही लागत नाही."

"केला. रात्रंदिवस तेच करून राहिलो."

मी उठले. उंबऱ्यापर्यंत गेले असेन, तिनं मागून हाक मारली.

"मावशी, एक सांगा. नाव नसतं तं वाचले असते का ते?"

मी वळले. खुरी नुसती वाकली असती. वाकलेल्या खुरीनंही ते दार अर्ध्या मिनिटात निघालं असतं. ही गोष्ट सोमवारी चौकशीत मला विचारली असती तर मी मिनिटं-सेकंद लावून सांगितली असती.

"नाही," मी म्हटलं. "धुरानं आधीच गेला होता तो. खुरी तुटायच्या आधीच. त्याले काही समजलं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही नजर हलवली नाही.

"आधीच?" तिनं विचारलं.

"आधीच."

पोरगी चुळबुळली. तिनं तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पाठीवर दोनदा थोपटलं.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "काकाले म्हना, जेवा आता."